काकूचं कोकम सिरप आणि सात लेबलं: बाटलीचं लेबल प्रयोग करत करत कसं बदलायचं

मागच्या वर्षी होळीच्या आसपास आमच्या कॉलनीतल्या किराणावाल्यानं काकूच्या कोकम सिरपच्या सहा बाटल्या पहिल्यांदा दुकानात ठेवल्या आणि महिन्याभरानं त्यातल्या चार परत दिल्या. म्हणाला, "भाभीजी, लोग हाथ में लेते हैं, घुमाते हैं, वापस रख देते हैं." हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं, कारण सगळं दुखणं त्यातच होतं. विकलेल्या दोन्ही बाटल्या एकाच घरात गेल्या होत्या, एक संपली म्हणून दुसरी नेली होती, म्हणजे चवीची तक्रार नव्हती. अडत होतं ते बाटली हातात घेणं आणि पिशवीत टाकणं याच्या मधे, आणि तिथे गिऱ्हाइकाशी बोलायला लेबलाशिवाय दुसरं कोणीच नसतं.

काकू इंदूरला रामबागेत राहते. जुनं लेबल असं होतं: मरून पार्श्वभूमी, त्यावर सोनेरी वळणदार अक्षरं, मधे कलश, बाजूला नारळाचं झाड. महाराष्ट्रात कोकम म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, इथे मराठी घरांत अमसूल माहीत असतं पण दुकानात येणाऱ्या बाकीच्यांना कोकम हे फळ आहे की कंपनीचं नाव हेच कळत नाही. याची उलटी गंमत बघायची तर आपली इंदोरी शिकंजी घ्या, ती दुधाची, दाट, सुकामेवा घातलेली, आणि बाहेरून आलेला माणूस शिकंजी मागवतो तेव्हा त्याच्या डोक्यात लिंबूपाणी असतं. पेयाचं नाव गावागणिक वेगळं काहीतरी सांगतं, त्यामुळे तुमच्या घरात जे लेबल स्पष्ट आहे ते दुसऱ्याच्या घरात कोडं असू शकतं.

होळी ते गणपती आम्ही सात लेबलं केली. खाली जे लिहितेय ते घरगुती किंवा लहान धंदा करणाऱ्यांसाठी आहे, ज्यांच्याकडे डिझाइन एजन्सी नाही पण एक प्रिंटर, कात्री आणि थोडा धीर आहे. सरबत, पन्हं, ताक, आवळ्याचा रस, काहीही असो, पद्धत हीच.

आधी जुन्या लेबलाची परीक्षा घ्या

नवीन डिझाइनला हात लावायच्या आधी जुनं लेबल नेमकं कुठे नापास होतंय ते शोधा. बाटली कधीच न पाहिलेली दहा माणसं गाठा, नातेवाईक चालणार नाहीत कारण ते तुमचं मन राखतात. बाटली समोर धरायची, मनात पाच अंक मोजायचे, बाटली पाठीमागे लपवायची आणि तीनच प्रश्न विचारायचे: काय होतं? कसं प्यायचं असेल? कुठे ठेवाल? "कसं वाटलं" हा प्रश्न अजिबात विचारू नका, त्यावर सगळे "छान आहे" म्हणतात आणि त्या छानचं पुढे काहीच करता येत नाही. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहायचं, आपण सुधारून नाही.

आमच्या वहीत आलेली उत्तरं: चुकंदर, जामुन, गुलाब का शरबत, कोई दवाई है क्या, आणि एका आजोबांनी विचारलं की वाइन तर नाही ना. कसं प्यायचं यावर बहुतेकांनी "सीधा" म्हटलं. हे ऐकून मला एक फोन आठवला जो आम्ही आधी मनावर घेतला नव्हता, एका बाईंच्या मुलानं सिरप तसंच ग्लासात ओतून प्यायलं होतं आणि घसा धरला म्हणून त्या तक्रार करत होत्या. लेबलावर "१ भाग सिरप, ४ भाग पाणी" लिहिलेलं होतं, पण मागच्या बाजूला, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात.

त्या दहा जणांच्या उत्तरांतून आमची यादी तयार झाली. हे फळ आहे हे कळलं पाहिजे, पाणी घालून प्यायचं हे कळलं पाहिजे, आणि औषध किंवा दारू वाटता कामा नये. बस, एवढंच. सुंदर दिसलं पाहिजे हे मुद्दाम यादीत घेतलं नाही, कारण ते मोजता येत नाही आणि त्यावरून घरात भांडणं होतात.

बाटली मोजा, नीट मोजा

कागदाची पट्टी कापून बाटलीभोवती गुंडाळा, जिथे टोकं भेटतात तिथे पेन्सिलची खूण करा आणि पट्टी सरळ करून मोजा. आमची अर्ध्या लिटरची गोल काचेची बाटली, व्यास ७० मिमी, म्हणजे घेर साधारण २२० मिमी. पूर्ण गुंडाळायचं लेबल असेल तर ५-६ मिमी जास्त धरा, एक टोक दुसऱ्यावर चढायला. पट्टी वर एकदा आणि खाली एकदा लावून बघा. दोन्ही मापं सारखी आली नाहीत तर बाटली निमुळती आहे, आणि अशा बाटलीवर सरळ आयताकृती लेबल कधीच नीट बसत नाही, एका काठाला सुरकुत्या पडतात. मग एकतर लेबल किंचित कमानीत कापावं लागतं किंवा बाटलीचा जो भाग सरळ आहे तेवढ्यातच लेबल बसवायचं, मी दुसरा मार्ग सुचवेन.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कॉम्प्युटरच्या पडद्यावर कधीच लक्षात येत नाही. गोल बाटलीचा एका वेळी नीट वाचता येणारा भाग घेराच्या साधारण एक तृतीयांश असतो, त्यापलीकडची अक्षरं वळून दूर जातात. आमच्या बाटलीवर तो भाग ७३ मिमी आला. जुन्या लेबलावर नाव १०५ मिमी रुंद होतं! म्हणजे समोरून बघणाऱ्याला कधी सुरुवातीची तर कधी शेवटची अक्षरं दिसायची, म्हणूनच लोक बाटली फिरवत होते. मोबाइलनं बाटलीचा समोरून फोटो काढा, फोटोत जे वाचता येत नाही ते पुढच्या भागात नाहीच असं धरा.

कायद्याची जागा आधी अडवा

हे शेवटी करू नका, आम्ही दुसऱ्या लेबलाच्या वेळी तसं केलं आणि सगळी मांडणी मोडावी लागली. मागच्या भागात आधी चौकोन आखून टाका: घटकपदार्थ प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं (सिरपमधे साखर बहुतेकदा पहिली येते, ती पहिलीच लिहायची), पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ प्रमाण, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचं चिन्ह आणि १४ आकडी नंबर, सगळे कर धरून एमआरपी, प्रति मिली किंमत, तक्रारीसाठी फोन-ईमेल. शाकाहाराचं हिरवं चिन्ह म्हणजे हिरव्या कडेच्या चौकोनात भरीव हिरवा गोल, मुख्य दर्शनी भाग १०० चौरस सेंमीपर्यंत असेल तर गोलाचा व्यास किमान ३ मिमी, १०० ते ५०० असेल तर ४ मिमी, आणि चौकोनाची बाजू गोलाच्या दुप्पट. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी, मराठी त्याच्या जोडीला घालता येते, फक्त मराठी चालत नाही.

शब्दांचंही बघा. सिरप, क्रश, स्क्वॉश हे मनाला येईल तसे वापरायचे शब्द नाहीत, प्रत्येकासाठी फळाच्या रसाचं आणि विरघळलेल्या घटकांचं किमान प्रमाण ठरलेलं आहे. 'नॅचरल', 'फ्रेश', 'प्युअर', 'पारंपरिक' अशा शब्दांवर जाहिरात आणि दाव्यांच्या २०१८ च्या नियमांत अटी आहेत. काकूला 'पारंपरिक स्वाद' काढताना वाईट वाटलं, पण पाच सेकंदांच्या परीक्षेत तो शब्द कोणाच्याच लक्षात राहिला नव्हता, हे तिला वहीत दाखवलं तेव्हा ती लगेच तयार झाली. छापायला देण्याआधी तुमच्या भागातल्या जाणकाराकडून एकदा तपासून घ्या, नियम बदलत असतात.

कागद, कात्री, रबरबँड

पहिले चार नमुने काळ्या-पांढऱ्यात करा. रंग आला की लोक रंगावर बोलतात आणि शब्द राहून जातात. साध्या कागदावर खऱ्या मापाची प्रिंट, कापायची, बाटलीला गुंडाळायची, रबरबँड लावायचं. एका संध्याकाळी चार नमुने सहज होतात.

आम्ही फक्त पुढच्या भागातले शब्द बदलत गेलो. पहिल्यात "कोकम सिरप". दुसऱ्यात खाली छोटी ओळ, "कोंकण के खट्टे फल का शरबत". तिसऱ्यात त्या ओळीऐवजी अर्ध्यात चिरलेल्या कोकम फळाचं रेखाचित्र. चौथ्यात ओळ आणि चित्र दोन्ही. प्रत्येक नमुना वेगळ्या दहा जणांना दाखवला, हे विसरू नका, ज्यानं एकदा उत्तर ऐकलंय तो पुढच्या वेळी शहाणा झालेला असतो.

आम्हाला वाटत होतं की चित्रानं काम होईल. नाही झालं. ज्यानं कोकम पाहिलंच नाही त्याला चिरलेलं कोकम टमाटर वाटतं, दोघांनी तर मंगोस्टीन (जांभळ्या सालीचं एक फळ) म्हटलं. एक ओळ मात्र लगेच चालली, कारण "खट्टा फल" वाचलं की तोंडाला पाणी सुटतं आणि "शरबत" वाचलं की पाणी घालायचं हे न सांगता समजतं. चौथ्या नमुन्यात आम्ही चित्र बदललं, फळाच्या जागी उंच काचेचा ग्लास, त्यात तळाशी गडद रंगाचा थर आणि वर पाणी ओतणारा तांब्या. आता "कसं प्यायचं" या प्रश्नाला दहाही जणांनी पाणी म्हटलं. एका लहान मुलीनं बोटानं दाखवलं, "इत्ता ये, और इत्ता पानी." आणि तिच्या बोटातलं अंतर जवळपास एकास चारच होतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला

हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि कोणी पाळत नाही, कारण डिझाइन करणारा उत्साहात सगळंच नवं करून आणतो. मग विक्री वाढली तरी कशानं वाढली ते कळत नाही आणि पडली तर काय परत आणायचं ते कळत नाही. पेप्सिकोच्या ट्रॉपिकाना संत्रारसाचं उदाहरण बघण्यासारखं आहे, जानेवारी २००९ मधे त्यांनी अमेरिकेत खोक्यावरचं स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं काढून रसाचा ग्लास टाकला, अक्षरं बदलली, नावाची दिशा बदलली, सगळं एकदम. दोन महिन्यांच्या आत विक्री २० टक्क्यांच्या आसपास घसरली आणि फेब्रुवारीतच जुनं खोकं परत आणायचा निर्णय घ्यावा लागला. लोकांना दुकानाच्या फळीवर आपलं खोकं सापडेचना. म्हणून तुमच्या जुन्या लेबलावर ज्या एका खुणेवरून नेहमीचे गिऱ्हाईक बाटली ओळखतात ती खूण शोधा आणि तिला हात लावू नका. ती शोधायची सोपी रीत: नेहमीच्या पाच गिऱ्हाइकांना लेबल आठवणीनं कागदावर काढायला सांगा. आमच्या पाचही जणांनी कलश काढला, नारळाचं झाड एकानंही नाही. कलश राहिला, झाड गेलं.

आमचा क्रम असा होता: शब्द, मग नावाचा आकार, मग चित्र, मग रंग, मग कागद. प्रत्येक टप्प्यावर आधीचं जिंकलेलं लेबल तसंच ठेवून त्यावर पुढचा बदल करायचा.

रंगाचं थोडं सविस्तर

रंग फक्त दिसत नाही, तो चवीत शिरतो. २०११ च्या हिवाळ्यात कोका-कोलानं ध्रुवीय अस्वलांच्या मदतीसाठी अमेरिकेत पांढरे कॅन काढले होते. आतलं पेय तेच, तरी लोकांनी डाएट कोकच्या चंदेरी कॅनशी गल्लत केली आणि काहींनी चव बदलली म्हणून तक्रार केली, शेवटी लाल कॅन परत आले. आम्हीही घरी करून बघितलं. एकाच पातेल्यातलं सरबत दोन बाटल्यांत भरलं, एकीला मरून लेबल, दुसरीला फिकट हिरवट-पिवळं, आणि बिल्डिंगमधल्या बारा जणांना विचारलं की दोन्हीत काय फरक वाटतो. बऱ्याच जणांना मरूनवालं दाट आणि गोड वाटलं, हिरवटवालं आंबट आणि "गर्मी वाला". इथे एक काळजी घ्या, अर्ध्या लोकांना आधी एक आणि अर्ध्यांना आधी दुसरी बाटली द्यायची आणि कोणाला कोणती आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आपल्या मनानं नाही. पेयाच्या परीक्षेत ही शिस्त जुनी आहे, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली जो चहाचा प्रयोग मांडला त्यात आठ कप होते, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम चिठ्ठीनं ठरलेला, म्हणजे नुसत्या अंदाजानं सगळे बरोबर ओळखायची शक्यता ७० मधे १ एवढीच.

कोकमची अजून एक खोड आहे जी लाल-जांभळ्या सरबतांनाही लागू पडते. त्याचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो, तो आंबट द्रवात टिकतो पण उजेडात आणि उष्णतेत हळूहळू उडतो आणि सिरप तपकिरीकडे झुकतं. तुम्ही लेबलाचा लाल ताज्या सिरपशी जुळवलात तर दोन महिन्यांनी त्याच बाटलीत सिरप जुनाट दिसायला लागतं कारण शेजारीच तुलनेला ताजा लाल छापलेला आहे. हे आम्हाला खिडकीत ठेवलेल्या बाटलीनं शिकवलं, एक बाटली उन्हात आणि एक कपाटात ठेवून महिन्याभरानं शेजारी शेजारी ठेवा, स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. म्हणून आम्ही पार्श्वभूमी साईसारखी फिकट केली आणि मरून फक्त नावात आणि कलशात ठेवला.

देवनागरी अक्षरं

मराठीतला ल आणि श, आणि हिंदीतला ल आणि श, यांची वळणं वेगळी आहेत हे तुम्हाला माहीतच असेल, पण बऱ्याच फॉन्टमधे हिंदी वळणंच आधी येतात. तिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट खास मराठी वळणांचा आहे. इंदूरमधे वाचणारे दोन्हीकडचे, तेव्हा एक काहीतरी ठरवा आणि पूर्ण लेबलावर तेच ठेवा, आम्ही नाव मराठी वळणात ठेवलं आणि माहितीसाठी मुक्ता घेतला, 'एक टाइप' या मुंबईच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा, तोही मोफत आहे आणि बारीक आकारातही पोट मोकळं ठेवतो. जाड अक्षर लहान आकारात वापरू नका, क्ष, ज्ञ, श्र यांची भोकं शाईनं बुजतात. दोन ओळींत अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

प्रेसमधे फाइल देताना अक्षरं कर्व्हमधे (म्हणजे फॉन्ट नसला तरी बदलणार नाहीत अशा चित्ररूपात) बदलून द्या आणि मगच पीडीएफ करा. प्रेसवाले वापरतात त्या कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड (मोबाइल-कॉम्प्युटरवरची नेहमीची देवनागरी) उघडलं की जोडाक्षरं फुटतात, र्‍हस्व इकार उडी मारून पलीकडे जातो. आमच्या तिसऱ्या लेबलावर "निर्माता" चं काहीतरी भलतंच झालं होतं आणि दोनशे लेबलं छापून झाल्यावर काकूच्या लक्षात आलं. मोठ्यानं, बोट ठेवून, एकेक अक्षर दुसऱ्या माणसानं वाचायचं, लिहिणाऱ्यानं नाही.

दुकानात मोजणी

घरातल्या परीक्षा कचरा बाजूला काढायला चांगल्या, पण लोक बोलतात एक आणि करतात एक, त्यामुळे शेवटच्या दोन लेबलांचा निकाल दुकानातच लावा. या आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरं असं करू नका, एप्रिलमधे आठवड्याभरात ऊन एवढं वाढतं की सरबत आपोआपच जास्त खपतं आणि श्रेय लेबलाला मिळतं. एकाच फळीवर दोन्ही ठेवली तर लोक गोंधळतात, "इसमें फरक क्या है" विचारतात. आम्ही दोन दुकानं घेतली, एक सुदामा नगरात आणि एक राजेंद्र नगरात. पहिले दोन आठवडे इकडे एक लेबल आणि तिकडे दुसरं, पुढचे दोन आठवडे उलट. दोन्ही दुकानांत फळी डोळ्यांच्या उंचीची, किंमत तीच, बाटल्यांची संख्या तीच, आणि दुकानदाराला विनंती केली की स्वतःहून काही सुचवू नका.

विक्रीच्या आकड्याबरोबर अजून एक मोजायचं: किती जणांनी हातात घेतली आणि त्यातल्या किती जणांनी परत ठेवली. हे दुकानदार करू शकत नाही, तुम्हालाच बसावं लागतं. मी आठवड्यातून दोन संध्याकाळी सहा ते आठ एका कोपऱ्यात स्टुलावर बसायचे, वहीत उभ्या रेघा मारत. उचललीच जात नसेल तर दोष लांबून दिसणाऱ्या गोष्टींचा, रंग, नावाचा आकार. उचलून परत ठेवत असतील तर दोष जवळून वाचायच्या गोष्टींचा, शब्द, किंमत, तारीख न सापडणं. आमच्या पहिल्या लेबलाचा रोग दुसऱ्या प्रकारचा होता हे किराणावाल्यानं आधीच सांगितलं होतं.

आकडे वाचताना मात्र हुरळून जाऊ नका. २० बाटल्या विकल्या गेल्या, १२ एका लेबलाच्या आणि ८ दुसऱ्याच्या, तर जिंकलं असं वाटतं ना? नाणं २० वेळा उडवून बघा, १२-८ किंवा त्याहून मोठा फरक निम्म्या वेळा नुसता योगायोगानं येतो. १५-५ आला तर मात्र लक्ष द्या, एवढा फरक योगायोगानं शंभरात चारच वेळा येतो. आमचा पहिला निकाल ११-९ होता, काकू म्हणाली ठरलं, मी म्हटलं अजून दोन आठवडे. बरं झालं थांबलो, कारण पुढच्या दोन आठवड्यांत फळी उलटी झाल्यावर दुसरंच लेबल स्पष्ट पुढे गेलं आणि शेवटची बेरीज ३१-१३ आली.

कागद, डिंक, पाणी

इथे आम्हाला सगळ्यात मोठा फटका बसला. मेमधे चकचकीत कागदी स्टिकर फ्रिजमधे ठेवून बघितलं होतं, रात्रभर ठेवलं, बाहेर काढलं, उत्तम. पाचशे छापले. जुलैत पाऊस सुरू झाला आणि लोकांचे फोटो यायला लागले, लेबल फुगलेलं, कडा उचललेल्या, अक्षरांवर पाणी. कारण साधं आहे, मेमधे इंदूरची हवा कोरडी असते त्यामुळे थंड बाटलीवर दव फारसं धरत नाही, पावसाळ्यात हवेत ओल भरलेली असते आणि फ्रिजमधून काढलेली बाटली मिनिटात घामाघूम होते. म्हणजे परीक्षा पास झाली होती पण पेपरच सोपा होता. तुम्ही कोणत्याही महिन्यात छापा, परीक्षा बर्फात घ्या: बादलीत बर्फ-पाणी, त्यात बाटली २४ तास, मग बाहेर काढून ओल्या अंगठ्यानं लेबल जोरात घासायचं, कड नखानं उचलून बघायची. लग्नाकार्यात बाटल्या अशाच टबात पडलेल्या असतात.

कागदाऐवजी पॉलिप्रॉपिलीनचं फिल्म स्टिकर घ्या, पाण्याला दाद देत नाही. पारदर्शक फिल्म घेत असाल तर खाली पांढरी शाई मागा, नाहीतर गडद सिरपवर अक्षरं दिसतच नाहीत. चिकटवताना बाटली कोरडी आणि खोलीच्या तापमानाला आलेली हवी, गरम सिरप भरून लगेच लेबल लावलं की बुडबुडे येतात. बाटलीवर साखरेचा हात लागलेला असतो, स्पिरिटच्या फडक्यानं पुसून घ्या, आणि लेबल लावल्यावर एक दिवस फ्रिजमधे टाकू नका, डिंकाला बसायला वेळ लागतो. तारीख-बॅचच्या शिक्क्यासाठी लॅमिनेशन नसलेली पांढरी चौकट सोडायला सांगा, चकचकीत फिल्मवर शिक्का बोटानं पुसला जातो आणि मग दुकानदार बाटली घेत नाही.

फाइल सीएमवायकेमधे (छपाईच्या चार शायांचे रंग), चित्रं ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), कापायच्या रेषेबाहेर ३ मिमी रंग वाढवलेला आणि आत ३ मिमी जागा मोकळी. बारकोडबद्दल एकच: पूर्ण आकाराचा बारकोड ३७ मिमी रुंद असतो, आमच्या बाटलीवर तो घेराचे ६० अंश व्यापतो आणि कडेच्या रेघा वळून जातात. तो ९० अंशात फिरवा, म्हणजे रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या होतात आणि स्कॅनर पटकन वाचतो. रेघा काळ्या, मागे पांढरं. लाल किंवा मरून रेघा नकोत, लाल उजेडाच्या स्कॅनरला त्या दिसतच नाहीत, आमचे प्रेसवाले दादा मॅचिंग म्हणून मरून करून देणार होते.

पहिली छपाई डिजिटलवर, शंभर-दोनशे. दर नगामागे जास्त पडतो पण चुकीचे पाचशे फेकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, आमच्या माळ्यावर अजून ते कागदी लेबलांचे गठ्ठे आहेत. आणि प्रत्येक लेबलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आवृत्तीची खूण टाका, आम्ही क-१, क-२ अशी टाकतो. वहीत त्या खुणेसमोर तारीख, काय बदललं, कोणता कागद, किती छापले. गणपतीनंतर एका बाईंचा फोन आला की लेबल निघून आलंय, तेव्हा मी कोपऱ्यातलं वाचायला सांगितलं, त्या म्हणाल्या क-५, म्हणजे जुलैच्या आधीचा कागदी साठा कुठल्यातरी दुकानात अजून शिल्लक होता. त्याच संध्याकाळी काकू आणि मी तीन दुकानांत फिरून त्या नऊ बाटल्या परत आणल्या, लेबलं कोमट पाण्यात भिजवून काढली आणि क-७ लावून दुसऱ्या दिवशी नेऊन दिल्या.